मी काही बोलत नाही

जयपूरच्या टीव्ही केंद्रावर 'ठहाका थाली' नावाचा हास्य-मनोरंजनाचा कार्यक्रम फक्त चार भाग चालला आणि त्यातल्या तिसऱ्या भागात आम्ही होतो. (चौथा भाग आधीच तयार होता, म्हणून दाखवला असं म्हणतात.)

आज हा कार्यक्रम कुणालाही आठवत नाही. मी जयपुरात राहिलेल्या माणसांना मुद्दाम विचारून पाहिलं. सगळे डोकं खाजवतात आणि दुसऱ्याच एखाद्या कार्यक्रमाचं नाव सांगतात. पण ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमच्या रेल्वे कॉलनीत दर पंधरा दिवसांनी शुक्रवारी संध्याकाळी त्याच्यासाठी भाजी फोडणीला टाकून गॅस बंद करणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यात एक विनोद सांगणारी कठपुतळी होती, बकरीपासून आगगाडीपर्यंत सगळे आवाज तोंडाने काढणारे एक गृहस्थ होते आणि शेवटी 'घर का मसाला' नावाचं पाच मिनिटांचं सदर होतं. त्यात साध्यासुध्या घरातल्या माणसांनी येऊन लोकांना हसवायचं.

माझं दुर्दैव असं, की मी विनोदी आहे असा माझा तेव्हा समज होता.

त्याला कारणही होतं. सातारला शाळेच्या स्नेहसंमेलनात मी मुख्याध्यापिकाबाईंची नक्कल करून पहिला नंबर मिळवला होता. लग्न झालं ते अकोल्याच्या माणसाशी. आमचे हे रेल्वेत सिग्नल इन्स्पेक्टर. अतिशय सज्जन माणूस, पण बोलणं सिग्नलसारखंच. लाल, हिरवा आणि क्वचित पिवळा. बदली होऊन जयपूरला आल्यावर मला माणसं दिसत होती, नकला सुचत होत्या आणि समोर प्रेक्षक म्हणून फक्त हे! मी तळमळून नक्कल करायची आणि हे म्हणायचे, "बरं."

शेवटी मी ह्यांना न सांगता टीव्ही केंद्राला एक पोस्टकार्ड टाकलं. "मैं हास्य नकल करती हूँ. विषय : मेरी सासूबाई."

आता सासूबाईंबद्दल सांगायला हवं. त्या अकोल्याला असायच्या, वर्षातून एकदा महिनाभर आमच्याकडे यायच्या आणि आल्या की प्रत्येक वाक्याची सुरुवात "मी बाप्पा काही बोलत नाही" अशी करायच्या. त्यानंतर त्या पाऊण तास बोलायच्या. मागच्या खेपेला त्यांना जुन्या शहराच्या तटाच्या आत, चारदीवारीतल्या बाजारात नेलं होतं. तिथे एका हलवायाकडे घेवर ही जाळीदार मिठाई पाहून त्यांनी भर दुकानात विचारलं होतं, "याले एवढी भोकं काहून? आन् तोलतानी भोकंही तोलता काय?" हलवाई बिचारा हात जोडून म्हणाला, "माताजी, जाली तो इसकी शान है." त्यावर सासूबाई म्हणाल्या, "मग शान तुमच्याकडंच ठेवा, मले बाकीचं द्या!"

एवढं तयार भांडवल घरात असताना मी दुसरा विषय का शोधावा?

दोन आठवड्यांनी उत्तर आलं. कार्यक्रमाचे निर्माते सक्सेनाजी यांनी कळवलं होतं, की पुढच्या गुरुवारी ध्वनिमुद्रण आणि चित्रीकरण आहे, पाच मिनिटांची तयारी करून या, सोबत घरच्या माणसांसाठी पाच पास जोडले आहेत. मी पत्र ह्यांच्यासमोर धरलं.

"तू विनोद करणार?" हे म्हणाले.

"हो!"

"टीव्हीवर?"

"हो!"

"हिंदीत?"

(ह्यांनी लागोपाठ तीन वाक्यं बोलण्याची ती पहिलीच वेळ. तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.)

दुसऱ्या दिवशी हे ऑफिसात गेले आणि घाबरलेला माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. म्हणजे सगळ्यांना सांगितलं. ह्यांचे साहेब भार्गव म्हणून होते. जाड मिशा, जाड चष्मा. त्याच महिन्यात ते ह्यांचा वार्षिक अहवाल लिहिणार होते, त्यावर ह्यांची बढती अवलंबून होती. साहेब म्हणाले, "अरे वाह! हम और मेमसाहब भी आएँगे." दोन पास गेले.

शेजारच्या राठोड भाभींच्या घरी रंगीत टीव्ही होता आणि तो बघायला आम्ही जायचो. त्यांना नाही कसं म्हणणार? तिसरा पास गेला.

चौथा ह्यांचा. आणि पाचवा कुणाचा, हे मला सोमवारी सकाळी कळलं. दारात टांगा थांबला. आतून आधी लोणच्याची बरणी उतरली, मग वळकटी उतरली आणि मग सासूबाई उतरल्या!

मी ह्यांना स्वयंपाकघरात ओढलं. "अहो, आई कशा काय आल्या?"

"मी पत्र लिहिलं."

"कशाला?"

"तूच म्हणालीस, आईंना कळवा."

"मी आपल्या तब्येतीचं कळवा म्हटलं होतं!"

"तेही कळवलं," हे म्हणाले. "शेवटच्या ओळीत."

बाहेरून आवाज आला, "मी बाप्पा काही बोलत नाही, पण माणूस दोन गाड्या बदलून आलं तर कोणी पाणी तरी इचारावं!"

आता माझी अवस्था बघा. गुरुवारी ज्यांची नक्कल करायची, त्या सोमवारपासून माझ्याच घरात पाटावर बसलेल्या! आणि गुरुवारी त्या पहिल्या रांगेत बसून ती बघणार! तालीम करायची कुठे? गच्चीवर कॉलनीच्या बायका पापड वाळवत होत्या. शेवटी मी मोरीत (संडासही तिथेच होता) जाऊन आतून कडी घालायची, नळ मोठा सोडायचा आणि नळाच्या आवाजात तालीम करायची. पहिल्या दिवशी अर्धा तास लागला. बाहेर आले तर सासूबाई दारातच उभ्या.

"काय व सुलभा, इतका वेळ काय करून राहिली होती आतमधी? पोट बिघडलं काय?"

मी काय सांगणार? "हो आई, जरा..."

झालं! त्यांनी मला चमचाभर ओवा आणि काळं मीठ चावायला लावलं. संध्याकाळी दुसरी तालीम, दुसरा चमचा. मंगळवारी तीन तालमी झाल्या, तर त्यांनी माझा भात बंद करून नुसती पेज सुरू केली. बुधवारी तर मी इतकी अशक्त झाले होते, की नक्कल करताना कमरेवर ठेवलेला हात आपोआप खाली घसरत होता.

सासूबाई चित्रीकरणाला येऊ नयेत म्हणून मी एक प्रयत्न केला. ह्यांच्या ऑफिसातल्या एका मराठी कुटुंबाचं घर खातीपुऱ्याला होतं. गुरुवारी त्यांच्याकडे हळदीकुंकू आहे, आई, तुम्ही जाच, असं मी सांगितलं.

"मी काय हळदीकुंकवासाठी दोन गाड्या बदलून आली?" सासूबाई म्हणाल्या. "माझ्या सुनेले टीव्हीवर पाहाले आली. नवं लुगडं आणलं."

आता आला का प्रश्न! मी रात्रभर विचार करून ठरवलं, की विषयच बदलायचा. सासूबाईंऐवजी शेजारीण करायची. पण शेजारीण राठोड भाभी, त्या येणार. मग साहेब करावेत? साहेब येणार. नवरा? त्याची नक्कल करायची तर पाच मिनिटं गप्प उभं राहावं लागलं असतं. थोडक्यात, जयपुरात ज्यांची ज्यांची नक्कल मला येत होती, ती सगळी माणसं माझ्याच पासावर पहिल्या रांगेत बसणार होती! शेवटी मी एक मौसी तयार केली. जगात कुठेही नसलेली, कुणालाही न दुखावणारी. सासूबाईंची सगळी वाक्यं तिच्या तोंडी घातली आणि देवाला नमस्कार केला.

गुरुवारी दुपारी आम्ही स्टुडिओत पोचलो. आत इतके दिवे होते, की पापड नुसता हातात धरला असता तरी भाजला असता. सक्सेनाजी भले गृहस्थ होते. ते म्हणाले, "घबराइए मत, बहनजी. बस समझिए अपने ही घर में हैं." (घरातलीच माणसं समोर होती, हीच तर अडचण होती ना!)

माझ्या आधी आगगाडीवाले गृहस्थ आवाज काढून गेले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग माझं नाव पुकारलं. मी जाऊन उभी राहिले. समोर भार्गवसाहेब मिशा सावरत बसलेले, शेजारी मेमसाहेब, मग राठोड भाभी, मग हे, आणि कडेला सासूबाई. हिरवं लुगडं, मांडीवर पिशवी, आणि चेहऱ्यावर कौतुकच कौतुक.

"हमारी एक मौसी हैं," मी म्हणाले. "वो हमेशा कहती हैं, मैं कुछ नहीं बोलती."



माझा हात सवयीने कमरेवर गेला, मान डावीकडे कलली आणि पदराचं टोक दातात आलं. म्हणजे मौसी वरून, आतून अख्ख्या सासूबाई! हे मला कळलं, ह्यांनाही कळलं. कारण त्यांनी डोळे मिटून घेतले. मी घाबरून सासूबाईंकडे पाहिलं आणि त्या क्षणी माझ्या डोक्यातून पुढची सगळी वाक्यं धुऊन गेली. घेवर गेला, भोकं गेली, लोणचं गेलं! डोकं धुतलेल्या पातेल्यासारखं लख्ख!

काहीतरी बोलायला हवं म्हणून मला वाटलं, पाहुण्यांचं स्वागत करावं. साहेब इथे आले आहेत, समोर खाली बसले आहेत, असं म्हणावं. मी हात पुढे करून, गोड हसून, खणखणीत आवाजात म्हणाले, "आज यहाँ हमारे इनके साहब भी आए हैं. वो देखिए, खाली बैठे हैं!"

एक क्षण कुणाला काही कळेना. आणि मग स्टुडिओ फुटला! तिथे निम्मे लोक सरकारी नोकर होते. 'साहब खाली बैठे हैं' हे वाक्य ऐकण्यासाठी ते बहुधा जन्मभर थांबले होते. मागच्या रांगेतले एक गृहस्थ तर गुडघ्यावर थापा मारत होते. मला वाटलं, वा! जमलं! म्हणून मी परत म्हणाले, "सच में! सबसे आगे, खाली बैठे हैं!"

तेवढ्यात मला राठोड भाभींनी तोंडात कोंबलेला पदर दिसला. साहेबांच्या मिशा ताठ झालेल्या दिसल्या. ह्यांचा चेहरा तर ओल्या चुन्यासारखा पांढरा पडला होता. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, की हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं! म्हणजे मी ह्यांच्या साहेबांना, बढतीच्या महिन्यात, कॅमेऱ्यासमोर, दोनदा रिकामटेकडं म्हटलं होतं!

हशा ओसरला. सक्सेनाजी हाताने 'पुढे चला, पुढे चला' अशा खुणा करत होते. मला पुढचं काहीच आठवत नव्हतं. डोळ्यात पाणी यायला लागलं. दहा सेकंद गेली असतील, मला दहा वर्षं वाटली.

आणि कडेच्या खुर्चीतून आवाज आला, "काहून थांबली व? घेवराचं सांग ना!"

मी दचकून पाहिलं. सासूबाई उभ्या राहिल्या होत्या.

"लोणच्याचंही राहिलं! मोरीत तर चांगलं म्हणत होती!"

आणि त्या निघाल्याच! जमिनीवरच्या वायरी ओलांडत, लुगडं वर धरत सरळ कॅमेऱ्यांपुढे. कानाला यंत्र लावलेला एक उंच माणूस त्यांना अडवायला आला. त्यांनी त्याच्या हातात आपली पिशवी दिली. "धर बाप्पा, अंदर डबा है, टेढा मत कर." तो पिशवी सरळ धरून तिथेच उभा राहिला.

माझ्या हातातला माइक त्यांनी काढून घेतला आणि लोकांकडे वळल्या.

"देखो," त्या म्हणाल्या, "मैं कुछ बोलती नहीं."

हशा!

"ये मेरी बहू है. मौसी-बिवसी कोई नहीं है, ये मेरी नकल करती है. करने दो! लेकिन गलत करती है. मैं कमर पे ये हात रखती, वो वाला नहीं. उस हात में तो काम रहता ना!"

मग काय विचारता! घेवर झाला, हलवाई झाला, त्याची शान झाली. लोणच्याची बरणी गाडीत पदराखाली झाकून मांडीवर घेऊन बसल्यावर डब्यातली माणसं 'कितने महीने का है' म्हणून विचारत होती, ते झालं. ("मैं बोली, पिछले चैत का!") मग त्यांनी ह्यांच्याकडे बोट केलं. "वो मेरा लडका. बचपन में मैंने इसकू बोलना सिखाया. फिर सिग्नल में नौकरी लग गई, तब से लाल ही है!"

हे हसले! लग्नानंतर पहिल्यांदा मी ह्यांचे वरचे दात पाहिले.

शेवटी त्या भार्गवसाहेबांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. "तुम साहब हो ना? बहू का बुरा मत मानो. हमारी मराठी में खाली मतलब नीचे. तुम नीचे बैठे थे, इतनाच बोली वो. लेकिन तुम सच में खाली मत बैठो, ताली बजाओ!"

साहेबांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं. मग मिशा हलल्या. मग पोट हललं. आणि मग ते असे काही हसले, की मेमसाहेबांनी त्यांचा चष्मा पडता पडता झेलला.

पाच मिनिटांच्या ऐवजी बारा मिनिटं झाली. सक्सेनाजींनी कॅमेरे थांबवले नाहीत. मी तेवढा वेळ सासूबाईंच्या मागे जशीच्या तशी उभी होते. निघून जावं की थांबावं, हे मला कुणी सांगितलंच नाही.

परत येताना रिक्षात मी हळूच विचारलं, "आई, तुम्हाला कधीपासून माहीत होतं?"

"सोमवारपासून."

"नळ तर मोठा सोडला होता मी!"

"म्हून तर तू त्याच्याहीपेक्षा मोठ्यानं बोलत होती. खालच्या मजल्यावरची बाई मले म्हणे, आपकी बहू बहुत अच्छा भाषण करती है."

"मग मला तीन दिवस ओवा का दिलात? पेजसुद्धा!"

"सासूची नक्कल करते," त्या शांतपणे म्हणाल्या, "थोडं तरी भोगावं माणसानं."

मग मी म्हटलं, "आई, तुम्हाला राग नाही आला?"

"आला ना, पहिल्या दिवशी लय आला. मंग रात्री पडल्या पडल्या वाटलं, जन्मभर बोलून राहिली मी, घरात कोणी कान देत नाही. हिनं तर अख्खं पाठ केलं." त्यांनी पिशवीतून डबा काढला आणि माझ्या हातावर बेसनाचा लाडू ठेवला. "खा आता. पोट बरं झालं तुहं."

मी तो लाडू रडत रडत खाल्ला. हे समोर बघत म्हणाले, "बरं झालं." ह्यांच्या मानाने ते भाषणच होतं. (साहेबांनी अहवालही चांगला लिहिला. बढती झाली. त्यानंतर मात्र ऑफिसात कुणी साहेबांना 'बैठिए' म्हणालं की सगळे माना खाली घालून हसत, असं मी ऐकलं.)

पुढच्या शुक्रवारी राठोड भाभींच्या बैठकीत अख्खी कॉलनी जमली. दारात, खिडकीत, पलंगाखाली, जागा मिळेल तिथे माणसं. मी नवी साडी नेसले होते आणि केस दोनदा विंचरले होते. कठपुतळी झाली, आगगाडी झाली, आणि 'घर का मसाला' सुरू झालं. निवेदिका म्हणाली, "आइए मिलते हैं अकोला की माताजी से!" आणि थेट सासूबाई! माझी मौसी नाही, माझं स्वागत नाही, साहेबांचं 'खाली' तर नाहीच. सगळं कापलं होतं. पडद्यावर खाली नाव आलं सासूबाईंचं, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात : 'साथ में, बहू'.

कॉलनीने टाळ्यांचा कडकडाट केला. सासूबाई डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मी बाप्पा काही बोलत नाही, पण हिरवं लुगडं चांगलं उठून दिसलं."

महिन्याभरात टीव्ही केंद्राचं पत्र आलं. माताजींना नव्या भागासाठी पुन्हा बोलवायची इच्छा आहे, म्हणून. शेवटी सक्सेनाजींनी अत्यंत सभ्य हिंदीत लिहिलं होतं, की सोबत आलेल्या महिलेला या वेळी त्रास देण्याची आवश्यकता नाही! पण तो भाग निघालाच नाही. 'ठहाका थाली' बंद झाली. का झाली, कुणी कधी सांगितलं नाही. सासूबाई आणलेलं दुसरं लुगडं घडी करून अकोल्याला परतल्या. त्यानंतर पुढची कितीतरी वर्षं त्या अकोल्यात 'टीव्हीवाल्या आजी' होत्या.

आता त्या नाहीत. हे निवृत्त झाल्यापासून आम्ही दोघं अकोल्यालाच आहोत आणि मजेत आहोत. गेल्या दिवाळीत राठोड भाभींच्या मुलाने अचानक एक पाकीट पाठवलं. भाभींनी त्या शुक्रवारी तो भाग व्हिडिओ कॅसेटवर उतरवून घेतला होता! मुलाने तो कुठूनसा साफ करून आणला होता. आमच्या सुनेने लॅपटॉप टीव्हीला जोडला, आणि फराळाची ताटं मांडीवर घेऊन सगळं घर बसलं.

चित्र खरखरीत होतं, पण आवाज स्वच्छ होता. सासूबाई आल्या. हिरवं लुगडं, कमरेवर बरोबर हात. हे टक लावून बघत होते. सून पोट धरून हसत होती. मुलाचे डोळे भरून आले. आणि मी बघत होते ती सासूबाईंच्या मागे उभी असलेली, सव्वीस वर्षांची, बारा मिनिटं तोंड उघडं टाकून उभी राहिलेली मी. कॅमेरा डावीकडे गेला, तरी चित्रात मी. उजवीकडे गेला, तरी मी. जिथे सासूबाईंचा चेहरा उत्तम दिसावा, तिथे नेमकं त्यांच्या खांद्यावरून माझं उघडं तोंड!

आमची सात वर्षांची नात शेवटी वैतागली. "आजी, ही मागची बाई कोण आहे? पणजीकडे नीट बघताच येत नाहीये! हिला कुणी बाजूला का नाही केलं?"

मी चकलीचा तुकडा तोंडात टाकला आणि म्हटलं, "केलं गं बाळा. सगळ्यांनी मिळून जेवढी करता आली, तेवढी केली. ही उरलेली आहे."